बाहेरचं एकही अ‍ॅप न टाकता एकाग्रता : सहाव्या आठवड्याची नोंद

ठरवलं होतं तसं अजून तरी पाळलंय. संगणकात आधीपासून जे आहे तेवढंच वापरायचं, वेगळं काही उतरवून घ्यायचं नाही. विंडोज ११, रोज संध्याकाळचे दोन तास आणि काम एकच : पायथॉनमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्राम. शेजारी वही असते. नोटिफिकेशनमुळे लक्ष उडालं तर डाव्या पानावर रेघ, मी आपणहून दुसरीकडे गेले तर उजव्या पानावर.

पहिल्या आठवड्यात काहीही बदललं नव्हतं. डावीकडे १४ रेघा, उजवीकडे ५१. हे आकडे पाहून पुढचा सगळा क्रमच बदलायला हवा होता, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. मी डाव्या पानाच्याच मागे लागले.

ते काम सोपं निघालं. सेटिंग्ज, सिस्टिम, फोकस इथे जाऊन वेळ लावली की डू नॉट डिस्टर्ब आपोआप चालू होतं, टास्कबारवरच्या चिन्हांवरचे आकडे जातात आणि चिन्हांचं लुकलुकणंही थांबतं. हे लुकलुकणं थांबवायला विसरू नका. आवाज बंद असला तरी डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं की मान वळतेच. प्राधान्याच्या नोटिफिकेशनची यादी उघडून तीही रिकामी केली. दुसऱ्या आठवड्यात डावीकडे २ रेघा. उजवीकडे ४९.

मग व्हर्च्युअल डेस्कटॉप. विंडोज, कंट्रोल आणि डी एकत्र दाबलं की नवा कोरा डेस्कटॉप मिळतो. दिसायला छान, पण कंट्रोल-विंडोज-बाण दाबला की सगळं पुन्हा समोर. माझ्या कामाचं नाही.

खरा फरक होस्ट्स फाइलपासून पडायला लागला. विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथे ती असते. एका ओळीत चार शून्यांचा पत्ता (0.0.0.0) आणि पुढे साइटचं नाव लिहिलं की त्या नावाने संगणकाला तिथे पोचताच येत नाही. मी अडखळले त्या जागा सांगते. नोटपॅड अ‍ॅडमिन म्हणून उघडलं नाही तर फाइल जागेवर सेव्ह होत नाही. दुसरीकडे सेव्ह करून आणली आणि नावाला टीएक्सटी चिकटलं असेल तर विंडोज ती वाचतच नाही. तीन डब्ल्यू लावलेलं नाव आणि न लावलेलं नाव यांच्या ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात, कारण ‘या साइटचं सगळंच’ असं सांगायची सोय या फाइलमध्ये नाही. शेवटी डीएनएसची साठवण, म्हणजे संगणकाने लक्षात ठेवलेले साइटचे जुने पत्ते, पुसायची आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, नाहीतर जुनी जोडणी तशीच चालू राहते आणि आपल्याला वाटतं युक्ती फसली.

उजवं पान ३० वर आलं. पण चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी ती फाइल उघडून ओळ पुसली. एका मिनिटाचं काम होतं ते. कुलूप आणि किल्ली दोन्ही माझ्याच हातात होती.

म्हणून पाचव्या आठवड्यात कामासाठी वेगळं स्टँडर्ड (अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं) अकाउंट केलं, आणि आतापर्यंतच्या प्रयोगांत मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. या अकाउंटमधून होस्ट्स फाइलला हात लावायचा तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो लांबलचक ठेवून कागदावर लिहिला आणि कागद दुसऱ्या खोलीत ठेवला. त्याहून मोठा फायदा मी धरलाच नव्हता : इथल्या ब्राउझरला माझा इतिहास माहीत नाही. जुन्या अकाउंटमध्ये पत्त्याच्या जागी एक अक्षर टाइप केलं की उरलेलं नाव तोच पूर्ण करायचा, आणि मी काय करतेय हे कळायच्या आत पान उघडलेलं असायचं. इथे पूर्ण नाव टाइप करावं लागतं, लॉग-इन करावं लागतं. तेवढ्या वेळात मन भानावर येतं.

मांडणीला एक संध्याकाळ गेली. पायथॉन सर्व वापरकर्त्यांसाठी पुन्हा इन्स्टॉल करावं लागलं, प्रकल्पाचं फोल्डर पब्लिकमध्ये हलवलं. संदर्भासाठी वेबवर जाणंही कमी झालं, कारण पायथॉनसोबत पायडॉक येतंच. बी हा पर्याय देऊन चालवलं की मोड्यूलची माहिती आपल्याच संगणकावरून ब्राउझरमध्ये दिसते.

या आठवड्यात डावीकडे १, उजवीकडे ९. या नऊपैकी सात रेघा एकाच जागच्या आहेत. चालींचा कोड बरोबर आहे का हे मी पर्फ्टने तपासते, म्हणजे ठरावीक चालींपर्यंत डाव किती वेगवेगळ्या क्रमांनी जाऊ शकतो ते कोडकडून मोजून घेते. सुरुवातीच्या मांडणीपासून चार चालींच्या खोलीवर १,९७,२८१ आणि पाच चालींच्या खोलीवर ४८,६५,६०९ हा आकडा यायला हवा. माझ्या कोडला पाचव्या खोलीला कित्येक मिनिटं लागतात, आणि त्या रिकाम्या मिनिटांत हात दुसरीकडे जातो. तिथे अडवायला कुठलीच सेटिंग नाही. कालपासून सेशनमध्ये चौथ्या खोलीपर्यंतच तपासते. पाचवी मधल्या सुट्टीला सुरू करून खुर्चीवरून उठते. काल या जागची एकही रेघ पडली नाही.