ताईचं बीपी, आडवं आणि उभं

माझ्या ताईच्या उशाशी एक शंभर पानी वही असते. पट्टीनं रेघा मारून दोन रकाने केलेत, एकावर लिहिलंय 'आडवं' आणि दुसऱ्यावर 'उभं'. हायस्कूलला गणित शिकवण्यात जन्म गेलेली बाई, रेघा सरळच येणार. नंतरच्या पानांवरचं अक्षर दाजींचं आहे, कारण आता ताईच्या हातात पेन ठरत नाही. वहीतला पहिला आकडा मला अजून पाठ आहे. आडवं १५२/८८, उभं राहून तीन मिनिटांनी ८४/५०.

त्याच्याआधी चार वर्षांत तिचं बीपी किती जणांनी मोजलं असेल याची गणती नाही, पण झाडून सगळ्यांनी खुर्चीत बसवून मोजलेलं.

आजाराचं नाव मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी, थोडक्यात एमएसए. लाखात चार-पाच लोकांना असतो, बहुतेकांना पन्नाशी-साठीच्या आसपास सुरू होतो. मी सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे पार्किन्सन का? जवळचा आहे, पण तो नाही. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूतल्या मुख्य पेशींत, न्यूरॉन्समध्ये साठतात. एमएसएत त्याच प्रथिनाच्या गुठळ्या जास्त करून दुसऱ्याच पेशींत साठतात, ज्या पेशी मज्जातंतूंवर वायरच्या प्लास्टिकसारखं आवरण घालतात त्यांच्यात. या दुसऱ्या पेशींत गुठळ्या असतात हे कळलं तेच मुळात १९८९ साली, आणि त्या याच प्रथिनाच्या आहेत हे १९९८ साली. कशामुळं साठतात ते अजून कुणाला नक्की सांगता येत नाही.

आता मागं वळून बघितलं की सगळं दिसतं. २०१६ च्या सुमारास दाजी हसत हसत सांगायचे, "तुझी ताई झोपेत वर्ग घेते रे, काल मला छडी मारली." खरंच मारायची, ओरडायची, लाथा झाडायची, एकदा पलंगावरून खालीच पडली. आपण स्वप्नात असताना शरीर जखडलेलं असतं, ते कुलूप निघालं की माणूस स्वप्नातलं सगळं प्रत्यक्षात करायला लागतो, आणि हे अशा आजारांत बाकी लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतं. आम्हाला काय माहीत, आम्ही हसलो.

मग २०१८ ला लघवीचा त्रास. आधी थांबायची नाही, नंतर पूर्ण व्हायची नाही. पाळी गेल्यावर बायकांना होतं असं, म्हणून सोडून दिलं. मग मान आणि खांदे दुखायला लागले, शाळेत फळ्यासमोर उभी राहिली की दुखायचे आणि घरी येऊन आडवी झाली की दहा मिनिटांत गायब. त्यावर स्पाँडिलायटिस म्हणून पट्टा, शेक, मालिश, वर्षभर. मग चक्कर, ती म्हणे अशक्तपणा. मधेच एकानं बसलेलं बीपी जास्त आलं म्हणून बीपी कमी करायची गोळी चालू केली, आणि त्यानंतर ताई दोन महिन्यांत तीनदा पडली. मूत्रमार्गाचे एक, हाडांचे एक, कानाचे एक, प्रत्येकाकडं तिची वेगळी फाइल. कुणी वाईट होतं असं नाही, पण प्रत्येकाच्या टेबलावर ताईचा एकेकच तुकडा गेला.

गंमत म्हणजे (गंमत म्हणवत नाही, पण तरी) या आजाराचा इतिहासही असाच आहे. १९०० साली फ्रान्समध्ये डेजेरीन आणि तोमास यांनी तोल जाणाऱ्या पेशंटचं वर्णन केलं आणि एक लांबलचक नाव दिलं. १९६० ला अमेरिकेत शाय आणि ड्रेगर यांनी उभं राहिल्यावर बीपी कोसळणाऱ्या पेशंटचं वर्णन केलं, त्याला शाय-ड्रेगर सिंड्रोम म्हणायला लागले. त्याच दशकात पार्किन्सनसारख्या कडकपणाचा तिसरा प्रकार सापडला, त्याला तिसरं नाव. १९६९ मध्ये ग्रॅहम आणि ओपनहायमर यांनी सांगितलं की ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे. डॉक्टरमंडळींना जुळवायला जवळपास सत्तर वर्षं लागली, आम्हाला चार. त्या मानानं लवकर म्हणायचं.

जुळवलं ते पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी, २०२२ ला. तोवर ताईचं चालणं पाय फाकवून, डुलत डुलत झालं होतं आणि बोलणं जड. साताऱ्यात राजवाड्याजवळ भाजी घेताना एक जण मागून "बाई पिलीय वाटतं" म्हणाला. ते ताईनं ऐकलं, आणि त्यानंतर ती बाजारात गेलीच नाही. त्या डॉक्टरबाईंनी आधी रिपोर्ट बघितलेच नाहीत. ताईला पाच मिनिटं झोपवलं, बीपी घेतलं, उभं केलं, परत घेतलं. वरचा आकडा अडुसष्टनी खाली, आणि नाडी ७२ वरून फक्त ७७. म्हणाल्या, बीपी एवढं पडल्यावर हृदय धावत सुटायला पाहिजे, ते सुटत नाही कारण त्याला वरून निरोपच जात नाहीये.

हे मला फार नीट समजलं म्हणून सांगतो. आपण उभं राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत दाब ओळखणारी जागा असते, ती लगेच मेंदूला कळवते, मेंदू रक्तवाहिन्या आवळतो, हृदयाला जोर लावायला सांगतो, आणि काही सेकंदात सगळं जागेवर. आपल्याला पत्ताही लागत नाही. एमएसएत हा हुकूम सोडणारं खातंच बंद पडत जातं. लघवी, घाम, शौच, बीपी ही सगळी त्याच खात्याची कामं. मान-खांदे दुखायचे तेही त्यातलंच, उभं राहिल्यावर तिथल्या स्नायूंना रक्त पुरत नव्हतं, म्हणून तर आडवं झाल्यावर थांबायचं. वर्षभर आम्ही मालिश करत बसलो.

एमआरआयमध्ये मेंदूच्या देठाशी एक फुली दिसली. डॉक्टर लोक त्याला हॉट क्रॉस बन म्हणतात, गुड फ्रायडेला वांद्र्याच्या बेकऱ्यांत मिळतो तो फुलीवाला पाव. साताऱ्यात कुणी बघितलाय. ताईचा प्रकार तोल जाणारा, एमएसए-सी, जपानमध्ये हाच जास्त दिसतो, युरोपात पार्किन्सनसारखा एमएसए-पी जास्त. पार्किन्सनवरचं लेव्होडोपा हे औषध देऊन बघितलं, काही जणांना सुरुवातीला थोडा गुण येतो, ताईला नाही आला.

मी हळूच विचारलं होतं की आम्हा भावंडांना पण होणार का. सहसा घराण्यात उतरत नाही म्हणाल्या. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज पण वाटली.

बरा करणारं औषध नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण सहा ते दहा वर्षं, असं मी वाचलं होतं आणि लपवून ठेवलं होतं. ताईनं स्वतःच मोबाइलवर शोधलं. मला फोन करून म्हणाली, "सुरुवात कुठल्या सालापासून धरायची रे? लघवीपासून की चालण्यापासून? दोन वर्षांचा फरक पडतोय उत्तरात." मला बोलताच येईना. एमएसएत बुद्धी बहुतेकांची शेवटपर्यंत बरीच शाबूत राहते, तिची तर धारदारच आहे.

पण बरा होत नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही असं नाही, आणि ही पोस्ट मी त्याच्यासाठीच लिहितोय. सकाळी उठायच्या आधी ताई दोन मोठे ग्लास पाणी एका दमात प्यायची, पंधरा-वीस मिनिटांत बीपी चांगलं चढायचं, तासभर टिकायचं, एवढं साधं पाणी पण त्याचा परिणाम वहीत दिसतो. पोटाला पट्टा, पायाला घट्ट मोजे, मीठ वाढवलं (डॉक्टरांना विचारून, आपल्या मनानं नाही). जेवण थोडं थोडं पाच वेळा, कारण पोटभर जेवलं की रक्त आतड्यांकडं पळतं. हे आम्ही पाडव्याला शिकलो, दोन पुरणपोळ्या झाल्या आणि ताई ताटावरून उठताना तिथंच कोसळली, वर बाहेर ऊन मरणाचं. कडक पाण्याची अंघोळ बंद, ऊन लागलं की रक्तवाहिन्या अजून सैल पडतात.

आणि रात्री बरोब्बर उलटं. आडवी झाली की बीपी १८० पर्यंत चढायचं, चढलं की शरीर रात्रभर लघवी बनवत बसतं, आणि सकाळी अंगात पाणीच नाही म्हणून उभं राहिलं की अजून पडतं. म्हणून उशाकडच्या पलंगाच्या पायांखाली दाजींनी विटा लावल्या. बीपी वाढवायची मिडोड्रिनची गोळी संध्याकाळनंतर द्यायची नाही, तेही याचमुळं. शेजारच्या काकू विटा बघून म्हणाल्या, कुणी सांगितला हा तोडगा? दाजी म्हणाले, न्यूरॉलॉजिस्टनं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. मागच्या वर्षी ताई रात्री श्वास आत घेताना बारीक, चिरका आवाज करायला लागली, कोंबडा आरवायच्या आधी घशातून काढतो ना तसा. आम्हाला वाटलं घोरतेय. दाजींनी मोबाइलवर रेकॉर्ड केलं म्हणून बरं, डॉक्टरबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी घशाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. स्वरयंत्राचे पडदे श्वास घेताना नीट उघडत नव्हते. एमएसएत रात्री अचानक जीव जाण्याचं हे एक कारण असू शकतं. आता रात्री सीपॅपचं मशीन (मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपते. तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल तर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा आणि दाखवा, एवढं नक्की करा.

गेल्या रविवारी साताऱ्याला गेलो होतो. ताई आता व्हीलचेअरवर असते, उभं करायला दोन माणसं लागतात, बोललेलं मला निम्मं कळतं, दाजींना सगळं कळतं. पाणी घट्ट करून चमच्यानं द्यावं लागतं, पातळ पाणी ठसक्यानं फुप्फुसात जातं. कधी कधी कारण नसताना हसू फुटतं आणि थांबतच नाही, तोही आजारच, पण मग आम्ही पण हसतो. मी वही चाळत होतो. दाजींनी खाली दोन आकड्यांची वजाबाकी लिहिली होती, १४६ वजा ८८, बरोबर ६८. ताईनं वाकडं बोट त्या आकड्यावर ठेवलं आणि काहीतरी म्हणाली.

मला नाही कळलं. दाजींनी खिशातून पेन काढलं, ६८ खोडून ५८ केलं.