हाव आणि अय

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मी सहा महिने ग्लासगोला राहून आले, २०२३ च्या नोव्हेंबरात गेले आणि २०२४ च्या एप्रिलात परत, म्हणजे थंडी तिथली पूर्ण आणि ऊन इथलं पूर्ण असं दोन्ही पदरात पाडून घेतलं. आल्यापासून कॉलनीतल्या बायका विचारून राहिल्या, "काय मग, लंडन कसं आहे?" आधी मी समजावायची की बाप्पा, ते लंडन नाही, इंग्लंडपण नाही, स्कॉटलंड आहे. आता सोडून दिलं. पण हीच चूक मी तिथे पहिल्याच आठवड्यात खालच्या आजोबांसमोर केली होती तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं, आपल्याकडे नागपूरच्या माणसाला "तुम्ही पुण्याकडचेच ना" म्हटल्यावर तो जसा बघतो तसं.

खालचे आजोबा म्हणजे लेकीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहणारे, वय ७८, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पर्थला. मी म्हटलं अरे वा, पर्थ तर जवळच आहे, मी बोर्ड बघितला स्टेशनवर. तर म्हणे ते नाही, ते दुसरं, ऑस्ट्रेलियातलं. आपल्या गावांची नावं बरोबर घेऊन जगभर पसरले हे लोक, त्यामुळे पोरगं पर्थला आहे म्हटलं की तासाभरावर आहे की विमानाचा आख्खा एक दिवस लागतो ते विचारून घ्यावं लागतं.

त्यांचं बोलणं मला पहिले पंधरा दिवस कळायचंच नाही. मी बँकेत ३१ वर्षं काढली, इंग्रजी येत नाही असं नाही, पण ते इंग्रजी कानाला इंग्रजी वाटतच नाही. दुकानातली बाई पैसे परत देताना मला "थँक्स हेन" म्हणाली, मी घरी येऊन लेकीला विचारलं कोंबडी काहून म्हणाली ती मला, तर लेक हसून हसून लाल, म्हणे आई ते प्रेमानं म्हणतात बायकांना, आपण कसं "अगं बाई" म्हणतो तसं. आणि होकाराला यस नाहीच, "अय". हे मात्र मला पहिल्याच दिवशी आवडलं कारण आपलं "हाव" जसं आहे ना, पोटातून येणारं, वाद संपवणारं, अगदी तसंच ते "अय". मी एकदा विसरून आजोबांना "हाव" म्हणाले तर त्यांना कळलं! त्यानंतर आमचं संभाषण बरंचसं हाव आणि अय वरच चालायचं. त्यांनी सांगितलं की शाळेत असं बोललं की मास्तर मारायचे, नीट इंग्रजी बोल म्हणून. मी म्हटलं आजोबा, आमच्या पोरी पुण्याला शिकायला गेल्या की होस्टेलमध्ये "करून राहिले" म्हटलं की सगळ्या हसतात, मग महिन्याभरात पोरी "करतेय" म्हणायला लागतात, आणि दिवाळीत घरी आल्या की आपल्याला पाहुण्यांसारख्या वाटतात.

सगळा स्कॉटलंड म्हणजे माणसं किती, तर २०२२ च्या जनगणनेत ५४ लाख ३६ हजार. आपला एकटा नागपूर जिल्हा २०११ मध्येच साडेसेहेचाळीस लाखांवर होता. एवढ्याशा देशातून इतकी माणसं बाहेर गेली की १९२१ ते १९३१ या दहा वर्षांत त्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी चक्क कमी झाली. १९२३ च्या एप्रिलात मेटागामा नावाचं जहाज लुईस बेटावरून तीनेकशे तरुण पोरंपोरी घेऊन कॅनडाला गेलं, आजोबांच्या आजीचा भाऊ त्यात होता असं ते सांगतात. त्या बेटांवरच्या गेलिक भाषेत घरच्या ओढीला एक वेगळा शब्दच आहे, कियानलस. आजोबांना गेलिक येत नाही, एवढा एकच शब्द येतो.

(वेगळ्या विदर्भाचं पण सांगून टाकते, कारण ते आमच्याकडे निघणारच. २०१४ च्या सप्टेंबरात त्यांनी वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान घेतलं, ४५ टक्के हो, ५५ टक्के नाही. आजोबा कोणत्या बाजूचे होते ते सांगितलं नाही, म्हणाले त्यावरून बायकोशी आठ दिवस बोलणं बंद होतं. मी म्हटलं तुम्हाला निदान विचारलं तरी.)

आजोबांची गोष्ट अशी की ते पंधराव्या वर्षी क्लाइड नदीवरच्या जहाजाच्या यार्डात शिकाऊ म्हणून लागले, पुढे वेल्डर झाले. १९६७ मध्ये त्यांचा थोरला भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला, दहा पौंडात. मला वाटलं थट्टा करताहेत, पण खरंच तशी स्कीम होती, ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती म्हणून मोठ्यांना भाडं फक्त दहा पौंड, लेकरं फुकट, अट एवढीच की दोन वर्षं राहायचं, नाहीतर भाड्याचे पूर्ण पैसे भरून द्यायचे. आजोबांनीपण फॉर्म भरला होता. बायको म्हणाली माझी आई इथे आहे, मी येत नाही. फॉर्म ड्रॉवरमध्ये राहिला. आणि चाळीस वर्षांनी त्याच बाईचा मुलगा, त्याच देशात, खाणीच्या कामावर निघून गेला, ते पण चार महिन्यांच्या नातवाला घेऊन. हे सांगताना आजोबा अजिबात गहिवरले वगैरे नाहीत, उलट म्हणाले की माझ्या मुलाचं तिकीट दहा पौंडापेक्षा बरंच महाग पडलं.

मग १९७१. सरकारनं यार्डांना पैसे द्यायला नकार दिला, कंपनी बुडाली, हजारो नोकऱ्या जाणार. आता अशा वेळी काय करतात, संप. माझे बाबा मिलमध्ये होते, कोणत्या ते राहू द्या, मिल बंद पडली तेव्हा गेटसमोर मांडव, भाषणं, मग कोर्ट, मग बाबा घरी, आणि घरी बसलेला माणूस कसा दिसतो ते मी दहावीत असताना रोज बघितलं. क्लाइडवाल्यांनी उलटं केलं. कामावर गेले! संप नाही, ठाणं मांडणं नाही, ऑर्डरची जहाजं अर्धवट होती ती बांधत राहिले, गेटवर पहारा आपला आपण. त्यांचा पुढारी जिमी रीड, त्यानं सभेत बजावलं की दंगा नाही, तोडफोड नाही आणि दारू पिऊन यायचं नाही, सगळं जग बघतंय. आजोबा तेव्हा २६ वर्षांचे, त्या गर्दीत उभे. जॉन लेननपर्यंत सगळ्यांनी पैसे पाठवले आणि १९७२ च्या फेब्रुवारीत सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्याआधी १९७१ मध्येच ग्लासगो विद्यापीठाच्या पोरांनी या यार्डवाल्याला रेक्टर, म्हणजे विद्यापीठात आपला प्रतिनिधी, म्हणून निवडून दिलं होतं, आणि १९७२ मध्ये तिथल्या भाषणात तो काय बोलला तर उंदरांची शर्यत उंदरांसाठी असते, आपण उंदीर नाही, माणसं आहोत. करिअर करिअर म्हणून आपण पोरांच्या मागे लागतो ना, कोटा, पुणे, बंगलोर, मास्टर्स, मला ते वाक्य ऐकून थोडं ओशाळल्यासारखं झालं, कारण लेकीला बाहेर पाठवताना सगळ्यात जास्त नाचले होते ती मीच.

यार्डं पुढे तरीही एकेक करून बंद पडलीच. काम गेलं की गाव कसं आजारी पडतं ते ग्लासगोत दिसतं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात होतं की ग्लासगोच्या कॅल्टन भागात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य ५४ वर्षं आणि काही किलोमीटरवरच्या लेन्झीत ८२. मधे २८ वर्षांचं अंतर. दारूचं तर इतकं की २०१८ पासून कायद्यानंच किमान किंमत ठरवली, अमुक किमतीच्या खाली विकायचीच नाही, आणि ड्रग्जनी सगळ्या स्कॉटलंडात २०२३ या एका वर्षात ११७२ माणसं गेली. लेकीच्या बसस्टॉपवर एक तरुण रोज बसलेला असायचा, कोवळा, माझ्या पुतण्याच्या वयाचा. फेब्रुवारीनंतर दिसला नाही. मी विचारलं नाही.

अंधाराचं पण आहेच. डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला दिवे लावा. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा दिवा यात एक झोपपण बसत नाही. लेक मला आल्याबरोबर व्हिटॅमिन डी ची गोळी द्यायला लागली, तिथे सरकारच सांगतं हिवाळ्यात सगळ्यांनी घ्या म्हणून. नागपूरची बाई आणि उन्हाची गोळी खातेय, माझ्या आईनं ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

पण काही गोष्टी बघून बरं वाटलं तेही सांगते. बाळ व्हायच्या आधी सरकारकडून एक मोठं खोकं घरी आलं, बेबी बॉक्स, २०१७ पासून तिथे होणाऱ्या प्रत्येक बाळाला देतात, त्यात कपडे, पांघरूण, थर्मामीटर, पुस्तकं, आणि खोक्यात गादी असते, म्हणजे बाळ त्यातच झोपू शकतं. गरीब-श्रीमंत काही नाही, सगळ्यांना तेच खोकं. औषधाच्या चिठ्ठीला पैसे नाहीत. म्हाताऱ्यांना साठीनंतर बस फुकट, त्यामुळे आजोबा काम नसलं तरी बसमध्ये बसून कुठेतरी जाऊन यायचे, आणि उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचे, सगळेच म्हणतात, मला आधी वाटलं ओळखीचा असेल.

आणि मंगळवार-गुरुवारी त्यांचं मेन्स शेड. ही कल्पना ऑस्ट्रेलियातून आली, रिटायर्ड, एकटी, घरात गप्प बसणारी माणसं एका शेडमध्ये जमतात, लाकूडकाम करतात, खुर्च्या दुरुस्त करतात, चहा पितात. मी म्हटलं तिथे मनातलं बोलता का एकमेकांशी, तर म्हणाले छे, रंधा मारतो. पण मग हळूच म्हणाले, रंधा मारताना समोरच्याकडे बघावं लागत नाही, तेव्हा निघतं तोंडातून काही काही. बाबांना असं काही असतं तर. पण आपल्याकडे पानठेला आहे, तिथे ते जायचेच म्हणा.

मी हिस्लॉप कॉलेजची, बीए, त्यामुळे डन्सला जायचं पक्कं होतं. स्टीफन हिस्लॉप १८१७ मध्ये त्या गावात जन्मला आणि १८४५ मध्ये आपल्या नागपुरात मिशनरी म्हणून आला, शाळा काढली, आणि फावल्या वेळात दगड वेचत हिंडला. टाकळी, सिताबर्डी, मांगली, जिथे जाईल तिथे जीवाश्म. एका खनिजाला त्याचं नाव आहे हिस्लोपाइट. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला होता, परत येताना पूर आलेल्या नाल्यात वाहून गेला, नुसता घोडा परत आला. वयाची ४६ पण पूर्ण नव्हती. त्याचे गोंडांवरचे कागद रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६६ मध्ये छापून आणले, आणि आज कॉलेज टेंपल रोडवरच आहे, आम्ही पाच वर्षं त्या रस्त्यानं सायकल मारली आणि कधी विचारलं नाही की हा टेंपल म्हणजे देऊळ की माणूस.

तर मार्चमध्ये जावयानं नेलं डन्सला. इवलंसं गाव. जिम क्लार्क नावाच्या कार रेसरचं म्युझियम आहे तिथे, तो मोठा माणूस, १९६३ आणि १९६५ चा वर्ल्ड चॅम्पियन. हिस्लॉप? मी चौघांना विचारलं. चौघांनी नम्रपणे मान हलवली. एक बाई म्हणाली, माझे शेजारी हिस्लॉप आहेत, प्लंबिंग करतात. मजा म्हणजे स्कॉटलंडचं आजवरचं सगळ्यात जास्त तापमान, ३४.८, डन्सच्या जवळच चार्टरहॉलला नोंदलं गेलंय, १९ जुलै २०२२ ला. आपल्याकडे ३४.८ म्हणजे पंखा दोनवर. हा माणूस तिथून उठून सत्तेचाळीसवाल्या गावात आला आणि अठरा वर्षं राहिला. त्याच्या आईनं काय केलं असेल हा विचार मी त्याआधी कधीच केला नव्हता. गावभर फिरताना तोच डोक्यात.

थर्टी फर्स्टला आजोबांनी जावयाला बोलावून घेतलं. त्यांच्याकडे ख्रिसमसपेक्षा हॉगमनी मोठं, ख्रिसमसची तर सुट्टीच १९५८ पासून मिळायला लागली. बारा वाजून गेल्यावर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या उंच पुरुषाचं पडावं, हातात कोळसा घेऊन, की वर्ष चांगलं जातं. गोऱ्या केसांचा आला तर अपशकुन. आजोबा म्हणाले गेली सहा वर्षं माझ्याकडे पहिला पाय कोणाचाच पडला नाही. जावई आपला पाच फूट सहा, पण केस काळेकुट्ट, बिचारा कोळसा धरून बाराला पाच कमी असताना पावसात बाहेर उभा. मी वर खिडकीतून बघत होते, कडेवर बाळ. पर्थला तेव्हा सकाळचे आठ वाजत आलेले, मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता, आजोबांनी फोन दाराकडे धरला होता.

बारसं जानेवारीत केलं. पाट नव्हता, मी आजोबांना कागदावर काढून दिला, लांबी-रुंदी, उंची दोन इंच. शेडमधून दोन आठवड्यांनी घेऊन आले, पाइनचा, कडा गोल केलेल्या, इतका सुरेख की काय सांगू, फक्त उंची बारा इंच. म्हणाले तू घाईत चुकलीस, दोन इंचावर बसल्यावर माणूस उठणार कसा. मी म्हटलं हाव, बरोबर आहे. बेबी बॉक्सला माझी जुनी पैठणी गुंडाळून पाळणा केला, तो त्या पाटावर ठेवला, आणि उंची अगदी बरोब्बर बसली, वाकायलाच लागलं नाही. आजोबांनी संत्रा बर्फीचे तीन तुकडे खाल्ले आणि "नॉट बॅड" म्हणाले. लेक म्हणते, याच्या वरची तारीफ तिथे नाही.