अ‍ॅक्सेस पॉइंटचं फर्मवेअर आणि जळगावचा उन्हाळा

डाळमिल असो की सराफी दुकान, वायफाय सारखं तुटायला लागलं की संशय अ‍ॅक्सेस पॉइंटच्या (वायफाय पसरवणाऱ्या डब्याच्या) फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांना टेकतो, आणि बऱ्याच इनडोअर अ‍ॅक्सेस पॉइंटची मर्यादा ४० ते ५० अंशच असते. पत्र्याखालचा पॉइंट फक्त दुपारी रीस्टार्ट होत असेल, तर आधी त्याची जागा बदला.

अपडेट मात्र टाळू नका. २०१७ चा क्रॅक आणि २०२१ चे फ्रॅगअटॅक्स या वायफायवरच्या हल्ल्यांमागचे काही दोष थेट वायफायच्या मानकातच होते. पॅचशिवाय, म्हणजे दोष बुजवणाऱ्या अपडेटशिवाय, इलाज नव्हता.

अपडेटआधी कंट्रोलरचा (सगळे पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर ठेवा. रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीसोबतची माहिती) वाचाच, कधीकधी मधली आवृत्ती टाकल्याशिवाय नवी चढत नाही. आधी एकाच पॉइंटवर टाका, आठवडाभर बघा. बारकोड स्कॅनर आणि जुने प्रिंटर आवर्जून जोडून पाहा, पहिली तक्रार तिथूनच येते. फ्लॅशिंग, म्हणजे फर्मवेअर चढवणं, चालू असताना वीज गेली तर पॉइंट कायमचा बंद पडू शकतो, म्हणून पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच पॉइंटला वीज देणारा) यूपीएसवरच हवा. जुन्या फर्मवेअरची फाइलही हाताशी ठेवा. काही कंपन्या ती साइटवरून काढून टाकतात.