तांबूच्या वेळेला

सकाळी सहा वाजता कुणी कुणाला "जेवलो मरे?" असं विचारतं का? आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी विचारतात. आई गोठ्यात तांबूच्या पोटाला डोकं टेकून धारा काढत असते आणि तिच्या शेजारी पाटावर मी फोन स्पीकरवर टाकून ठेवलेला असतो. फोनवर माझा भाचा. तो न्यूझीलंडमध्ये, वायकातोतल्या मोरिन्सव्हिलजवळ, एका डेअरी फार्मवर कामाला आहे. तिथं तेव्हा साडेबारा झालेले असतात आणि तो ताटावर बसलेला असतो.

साडेसहा तासांचा फरक. आई बेरीज-वजाबाकीच्या फंदात पडत नाही. संध्याकाळचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येऊन गेला की नातू झोपला. आपली रात्रीची जेवणं आटोपून भांडी पालथी पडली की तो उठला. हा हिशेब सहसा चुकत नाही.

पहाटे चारला उठून तो चारशेवर गायी पिळतो. पिळतो म्हणजे काय, गायी आपणहून एका गोल फिरत्या ओट्यावर चढतात. जत्रेतल्या चक्रीसारखा तो ओटा फिरतो, पण अगदी सावकाश. सडांना नळ्या लागतात, फेरी पुरी होते, गाय मागच्या पावली उतरून कुरणाकडे चालू लागते. त्यांच्या गायी बहुतेक सगळ्या जुलै-ऑगस्टात एकदमच वितात, कारण तिथली थंडी सरते आणि गवत वाढीला लागतं. आमची तांबू आपल्या मर्जीची मालकीण. आईने हे सगळं ऐकून एकच विचारलं, "नावं काय त्यांची?" कानाला नंबर असतात म्हटल्यावर तिने विषय बदलला.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर सप्टेंबरचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी ते लोक घड्याळ तासभर पुढे सारतात, ते एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणजे फरक साडेसात तासांचा. ऐन नवरात्रात पाचला फोन वाजला. बाहेर मिट्ट काळोख. नातवासाठी आई तशीच चरवी घेऊन गोठ्यात गेली. तांबूने पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ही कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यांपैकी एक जण वेलिंग्टनचाच होता: टपाल खात्यातला जॉर्ज हडसन. त्याला किडे गोळा करायचा नाद. कामावरून सुटल्यावर उजेड मिळावा म्हणून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा, असं त्याने १८९५ साली सुचवलं. मी ही गोष्ट आईला सांगितली. "किडे धरणाऱ्याने माझी गाय आटवली!" ती म्हणाली. (गाय आटली नव्हती. पण रागाला पुरावा लागत नाही.)

तसं आपलं घड्याळ तरी कुठे आपलं आहे? ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं. गोव्यात सूर्य डोक्यावर येतो तो साधारण अर्ध्या तासाने उशिरा. बाराला भूक का लागत नाही, याचं कारण मला पन्नाशीत कळलं.

शेवटी आईने नातवालाच बजावलं, "तू आधी जेव, मागीर फोन कर." आता तो तिथल्या दीडला, दुपारच्या दुधाआधी, कुरणाच्या फाटकाला टेकून फोन करतो. इथे सहाच वाजलेले असतात.

बोलणं फारसं नसतंच. रिकाम्या चरवीत पहिल्या धारा खणखणतात, मग फेस चढतो तसा आवाज जाड, मऊ होत जातो. त्याच्याकडे दूध नळीतून जातं, त्याला हा आवाज मिळत नाही. परवा बराच वेळ तो गप्पच होता. मला वाटलं, रेंज गेली. फोन उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला,

"अर्धी भरली काय गो आजी?"

आईने चरवीत डोकावून पाहिलं. भरली होती.