काला आंबच्या पुढचं पानिपत

दिल्ली सोडल्यावर सोनीपत, समालखा आणि मग पानिपत. अंतर साधारण नव्वद किलोमीटर. वाटेत टेकडी नाही, खिंड नाही, नुसती सपाट शेतं. वायव्येकडून दिल्लीवर चालून येणाऱ्याला याच मैदानातून यावं लागे. खिडकीतून ते पाहताना तीन मोठ्या लढाया या एकाच गावाच्या वाट्याला का आल्या, ते उमगतं. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊसाहेब व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. रसद तुटली. पुढचे अडीच महिने छावणीने उपासमार सोसली.

काला आंब शहराबाहेर आहे. विटांचा स्तंभ, भोवती लोखंडी कुंपण. रक्ताने पानं काळी पडलेला आंबा इथे होता, असं सांगतात. आता तो नाही. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले, भाऊ पडले. तोफखाना लढवणारा इब्राहिमखान गारदी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. स्तंभासमोर माझ्याच्याने बराच वेळ बोलवेना.

बरीच मराठी मंडळी इथे माथा टेकून कुरुक्षेत्राकडे निघतात. मी मात्र गावात शिरले. १५२६ मध्ये पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर विटांच्या साध्या ओट्यावर आहे, तर बाबराने विजयानंतर उभारलेली काबुली बाग मशीद अजून भक्कम आहे. दोन्ही पाहाच.

पण गाव जगतं ते कापडावर. शहराजवळ इंडियन ऑइलची १९९८ पासूनची मोठी रिफायनरी आहे, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा कारखानाही २०२२ मध्ये सुरू झाला. तरी गल्लीबोळांत आवाज मागांचाच. फाळणीत इथले बरेच मुसलमान विणकर पाकिस्तानात गेले, आणि तिकडून उघड्यावर आलेल्या निर्वासितांनी हातमाग धरले. दऱ्या, चादरी, पडदे परदेशी जाऊ लागले. पचरंगा लोणचंही त्याच निर्वासितांबरोबर आलं.

मला सर्वांत गुंतवलं ते चिंध्यांच्या वखारींनी. श्रीमंत देशांनी टाकलेले लोकरी कोट, स्वेटर कांडला बंदरातून इथे येतात. कपडे म्हणून पुन्हा विकले जाऊ नयेत यासाठी ते आधीच फाडलेले असतात. बायका ढिगांत बसून बटणं, चेन, अस्तर काढतात आणि रंग वेगळे करतात: लालात लाल, निळ्यात निळा. ही निवड नेमकी जमली की पुढे रंगवावंच लागत नाही, कारण पिंजलेल्या तंतूंतून कातलेलं सूत कपड्याचाच रंग घेऊन येतं. रंगाचा खर्च वाचतो, पाणीही वाचतं. या सुताला ‘शॉडी’ म्हणतात. भूकंप-पुरानंतर मदत म्हणून वाटलेली कितीतरी ब्लँकेटं याच सुताची. अलीकडे पॉलिएस्टरच्या हलक्या, मऊ ब्लँकेटांनी त्यांचा बाजार खाल्ला आणि बऱ्याच गिरण्यांनी मालच बदलला.

मी पाहिलेल्या वखारीत हवेत तंतू तरंगत होते आणि बहुतेकींच्या नाकातोंडाशी नुसती ओढणी. सगळा धंदा ज्यांच्या नजरेवर आणि बोटांवर उभा आहे, त्यांना चांगला मास्क आणि धूळ ओढून घेणारे पंखे मिळालेच पाहिजेत.