नवे युकुलेले

आज बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानात तासभर बसून अखेर 23 इंची कॉन्सर्ट आकाराचे युकुलेले, म्हणजे गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य, घेतले. तीन वर्षे साथ दिलेल्या 21 इंची सोप्रानोवर, म्हणजे त्याहून लहान आकाराच्या युकुलेलेवर, बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) स्वर चढा लागे आणि अरुंद जागेत माझी बोटे अडखळत. दुकानदार काकांनी एक प्लायवूडचे आणि एक वरची फळी अखंड महोगनीची असलेले, अशी दोन वाद्ये शेजारी ठेवून तीच तार छेडली, तेव्हा दुसऱ्याचा नाद इतका वेळ रेंगाळला की मी बोलायचेच थांबलो. अखंड लाकूड दमट हवेत फुगते, आणि आपल्याकडचा पावसाळा तर सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून बंद पेटी आणि सिलिका जेलच्या पुड्याही घेतल्या. जुने सोप्रानो भाचीला देणार आहे. तिच्या बोटांना ते अगदी नेमके बसते.