मुखपृष्ठाच्या आत

‘जाहिरातीतून पुस्तकांकडे कशा वळलात? आणि आम्हाला यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?’ ग्राफिक डिझाइन शिकणारी मुलं हे दोन प्रश्न एका दमात विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेकांसारखी मीही मुखपृष्ठावरूनच आले. जाहिरातीत काही वर्षं काढलेल्या माणसाला मुखपृष्ठ ओळखीचं वाटतं. एक चित्र, एक शीर्षक, लांबून नजर खेचायची. माझी पहिली काही मुखपृष्ठं लोकांना आवडली आणि आपण पुस्तकं डिझाइन करतो असं मला वाटायला लागलं. आतली पानं कोण लावतं, म्हणजे मजकूर पानावर कोण मांडतं, हे कधी विचारलंही नव्हतं.

मग २४० पानांचं एक पुस्तक आलं. म्हणजे १२० पानं कागदाची. ८० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणून मी कणा, म्हणजे पुस्तकाची पाठ, १२ मिलिमीटरचा धरला आणि त्याला गडद केशरी रंग दिला. छापताना कागद बदलला. वजन तेच, पण नवा कागद फुगीर, बल्की. पुस्तक हातात आलं तेव्हा कणा १७ मिलिमीटरचा झाला होता. केशरी पट्टीच्या दोन्ही कडांना पुढचं चित्र आणि मलपृष्ठाचा रंग अडीच-अडीच मिलिमीटर डोकावत होते. कागदाबद्दल मला कोणी कळवलं नव्हतं हे खरं, पण मीही विचारलं नव्हतं. त्या लेखकाच्या आयुष्यातलं ते पहिलं पुस्तक होतं. ती गोष्ट मला अजून लागते.

त्यानंतर मी बाइंडिंगच्या टेबलाशी जाऊन उभी राहायला लागले. एका मोठ्या छापील कागदाला घड्या पडून सोळा पानांचा फर्मा कसा तयार होतो, कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर नसला तर पुस्तक उघडताना कसं अडतं, शिवलेलं पुस्तक जितकं सपाट उघडतं तितकं नुसतं चिकटवलेलं का उघडत नाही, हे सगळं तिथे हाताने कळलं. आतला समास किती सोडायचा हे बांधणी ठरवते. हे पडद्यावर कधीच दिसत नाही, कारण दोन पानं कण्यापाशी आत वळतात तिथली घळ पडद्यावरच्या पानाला नसते.

मग आतली पानं लावायचं कामही मागून घेतलं. खरं शिक्षण तिथे झालं. जाहिरातीची सवय म्हणून मी प्रकरणांच्या नावांत अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली. रोमन कॅपिटल्सना जे शोभतं ते देवनागरीत शब्द फोडतं. ओळींमधल्या अंतराचंही तसंच. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. रोमनच्या हिशेबाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

यान चिखोल्ट हे जर्मन टायपोग्राफर १९४७ ते १९४९ या काळात पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेत होते. तिथे त्यांनी अक्षरजुळणीचे जेमतेम चार पानी नियम लिहिले, आणि त्यात पहिलाच आग्रह शब्दांमधली जागा घट्ट ठेवण्याचा आहे. मराठीत तो पाळताना घाम फुटतो. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्द लांबतो. ‘त्यांच्याबद्दलसुद्धा’ ओळीच्या शेवटी बसला नाही की खाली उतरतो, आणि दोन्ही बाजूंनी सरळ केलेल्या ओळीत भोकं पडतात. हायफन कुठे चालेल, कुठे नाही, ओळीची लांबी किती ठेवली तर हे कमी होईल, यात माझे दिवसच्या दिवस जातात. वाचणाऱ्याला यातलं काही दिसू नये, म्हणून जातात.

पोर्टफोलिओबद्दल फार बोलणार नाही. दहा मुखपृष्ठांपेक्षा नीट लावलेलं एक आख्खं प्रकरण दाखवा, एवढंच. फोलिओ म्हणजे पानांचे आकडे, तळटिपा, मध्येच आलेली कविता, सगळं असलेलं. मुखपृष्ठ चांगलं करणारे पुष्कळ भेटतात. तळटीप चांगली बसवणारा भेटला की संपादक त्याला सोडत नाहीत.

आणि हस्तलिखित वाचा. पूर्ण वाचा. सारांशावरून मुखपृष्ठ करता येतं, पानं लावता येत नाहीत. संवाद किती आहेत, परिच्छेद केवढे, लेखक श्वास कुठे घेतो, हे वाचल्याशिवाय टंकाचा आकार तरी कशावरून ठरवणार? मी आजही वाचून झाल्यावर त्यातलं सगळ्यात अवघड पान आधी लावते, साध्या प्रिंटरवर काढते, पुस्तकाच्या मापाला कापते आणि हातातल्या दुसऱ्या एखाद्या पुस्तकात घालून रात्री दिव्याखाली वाचते. डोळा अडखळला की सकाळी उठून पुन्हा लावते.